पोलिओ निर्मूलन निधिसंकलन

बालपक्षाघात अथवा पोलिओ या विषाणुजन्य रोगाचे संशोधन, प्रतिबंध व जगातून समूळ उच्चाटन यांसाठी नागरिकांनी व स्वयंसेवी संघटनांनी उभारलेला निधी आणि त्यामागील संघटित प्रयत्न. या प्रयत्नांचे दोन ठळक कालखंड पडतात. पहिल्यात (१९३४–५५) अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सामान्य नागरिकांच्या वर्गणीतून रोगावरील लस सिद्ध झाली. दुसऱ्यात (१९७९ पासून) रोटरी या आंतरराष्ट्रीय सेवासंघटनेच्या पुढाकाराने ती लस जगातील सर्व बालकांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य सुरू झाले. पहिल्या कालखंडात लोकवर्गणी हाच संशोधनाचा मुख्य आधार होता. दुसऱ्या कालखंडात तिचा वाटा एकूण खर्चाच्या सु. एकदशांश एवढाच आहे. तथापि सरकारांना कार्यप्रवृत्त करणे आणि उद्दिष्ट लांबणीवर पडत गेले तरी त्यावरील लक्ष ढळू न देणे, हे तिचे कार्य रकमेच्या मानाने पुष्कळच मोठे ठरले.

रोगाचे स्वरूप व खर्च : पोलिओचे विषाणू दूषित पाणी, अन्न व हात यांवाटे तोंडातून शरीरात शिरतात व आतड्यात वाढतात. त्यांचे १, २ व ३ असे तीन प्रकार असून एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारक्षमता दुसऱ्यास लागू पडत नाही. संसर्ग झालेल्या सु. २०० व्यक्तींपैकी एकीलाच कायमचा पक्षाघात होतो. बाकीच्यांत लक्षणे सौम्य असतात किंवा दिसतच नाहीत. पक्षाघात झालेल्यांपैकी शेकडा ५ ते १० रुग्ण श्वसनाचे स्नायू निकामी होऊन दगावतात. पक्षाघात बरा करणारे औषध नाही. रोग टाळणे एवढेच शक्य असते [⟶ बालपक्षाघात].

निर्मूलनाच्या खर्चाचे गणित या स्वरूपावरूनच ठरते. देवीच्या रोग्यास पुरळावरून ओळखता येत असे व त्याच्या सान्निध्यातील लोकांस टोचून साथ अडविता येत असे. पोलिओच्या बाबतीत एक पंगू बालक आढळते, तेव्हा शेकडो बालकांत विषाणू आधीच पसरलेला असतो. त्यामुळे एखाद्या प्रदेशातील पाच वर्षांखालील सर्वच बालकांना पुनःपुन्हा लस द्यावी लागते, आणि रुग्णसंख्या शून्यावर आल्यावरही हे काम वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते. साहजिकच रुग्ण जसजसे कमी होतात, तसतसा दर रुग्णामागील खर्च वाढत जातो. दात्यांना समजावून सांगण्यास सर्वांत कठीण अशी गोष्ट हीच आहे.

अमेरिकेतील लोकवर्गणी : फ्रँक्लिन डिलॅनो रूझवेल्ट (१८८२–१९४५) यांना १९२१ मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पक्षाघात झाला व तो पोलिओचा असल्याचे निदान करण्यात आले. जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील उष्ण झऱ्यांच्या पाण्यात व्यायाम केल्याने काही आराम वाटल्यावरून त्यांनी ती जागा विकत घेतली आणि १९२७ मध्ये तेथे रुग्णांसाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. त्याचा कारभार त्यांचे वकिली व्यवसायातील भागीदार बॅझिल ओकॉनर (१८९२–१९७२) यांच्याकडे आला. मंदीच्या काळात धनिकांकडून मिळणाऱ्या देणग्या आटल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या वाढदिवशी देशभर नृत्यसमारंभ भरवून त्यांच्या प्रवेशशुल्कातून पैसा उभारण्याची कल्पना पुढे आली. ३० जानेवारी १९३४ रोजी सु. सहा हजार ठिकाणी असे समारंभ झाले व त्यांतून दहा लाख डॉलरांहून अधिक निधी जमला.

या निधीच्या विनियोगास आरंभीच एक कटू अनुभव आला. १९३५ मध्ये दोन निरनिराळ्या संशोधकांनी तयार केलेल्या लशी हजारो मुलांना घाईने टोचण्यात आल्या. त्यांपैकी एका संशोधनास वाढदिवस निधीतून साहाय्य मिळाले होते. लशी निष्प्रभ व धोकादायक ठरल्या, काही मुले दगावली आणि पुढील बराच काळ मानवावर पोलिओ लशीची मोठी चाचणी घेण्यास कोणी धजावले नाही. लोकांचा पैसा वापरताना शास्त्रीय सल्लागारांची स्वतंत्र समिती असावी, हा धडा त्यावरून मिळाला.

जानेवारी १९३८ मध्ये राष्ट्रीय बालपक्षाघात प्रतिष्ठान स्थापन होऊन ओकॉनर त्याचे अध्यक्ष झाले. राष्ट्राध्यक्षांच्या राजकारणाशी निगडित असलेला निधी सर्वपक्षीय व्हावा, हा त्यामागील एक हेतू होता. त्याच सुमारास एडी कँटर (१८९२–१९६४) या विनोदी नटाने नभोवाणीवरून श्रोत्यांना आवाहन केले, की प्रत्येकाने एक डाइम म्हणजे दहा सेंटचे नाणे थेट व्हाइट हाउसला पाठवावे. त्या काळी चित्रपटगृहांत दाखविण्यात येणाऱ्या ‘मार्च ऑफ टाइम’ या वृत्तपटमालिकेच्या नावावर श्लेष करून त्याने या मोहिमेस ‘मार्च ऑफ डाइम्स’ असे नाव सुचविले. काही दिवसांतच टपालाच्या पोत्यांनी कचेरी भरून गेली. एकूण २६,८०,००० नाणी, म्हणजे २,६८,००० डॉलर जमा झाले. रूझवेल्ट यांच्या निधनानंतर १९४६ मध्ये त्यांची प्रतिमा डाइमवर मुद्रित करण्यात आली, ती याच कार्याची स्मृती होय.

या पद्धतीमुळे दानाची कल्पना बदलली. तोवर रुग्णालये व संशोधनसंस्था थोड्या श्रीमंतांच्या मोठ्या देणग्यांवर चालत. आता लाखो लोकांच्या चिल्लरीतून त्याहून मोठा व दरवर्षी येणारा निधी उभा राहू लागला. प्रतिष्ठानाच्या शाखा बहुतेक प्रत्येक जिल्ह्यात निघाल्या. जमलेल्या रकमेचा एक भाग स्थानिक रुग्णांच्या उपचारांसाठी तेथेच राहत असे व उरलेला भाग संशोधनासाठी मध्यवर्ती कार्यालयाकडे जाई. १९५० मध्ये ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरात मातांची फेरी निघाली : ठराविक संध्याकाळी ज्या घराच्या ओसरीवरचा दिवा लागलेला असेल, त्या घरी स्वयंसेविका वर्गणी मागण्यास जात. ही पद्धत लौकरच देशभर रूढ झाली आणि घरोघर फिरणाऱ्या स्त्रिया या मोहिमेचा कणा बनल्या. १९३८ ते १९५५ या काळात प्रतिष्ठानाने रुग्णांच्या शुश्रूषेवर सु. २३ कोटी ३० लाख डॉलर खर्च केले. कुबड्या, आधारपट्टे व श्वसनास साहाय्य करणारी लोहफुप्फुसे हजारो कुटुंबांना त्यातूनच मिळाली. वॉर्म स्प्रिंग्ज येथे कृष्णवर्णीय रुग्णांना प्रवेश नव्हता. त्यावरून टीका झाल्यानंतर प्रतिष्ठानाने ॲलाबॅमा राज्यातील टस्कीगी येथे १९४१ मध्ये त्यांच्यासाठी वेगळे केंद्र उघडण्यास पैसा दिला. दान सर्वांकडून गोळा होत असले, तरी त्याचे फळ सर्वांना सारखे मिळत नव्हते, हे या घटनेवरून दिसते.

लशीची क्षेत्रचाचणी : प्रतिष्ठानाच्या अनुदानावर काम करणारे जॉन एंडर्स (१८९७–१९८५), टॉमस वेलर व फ्रेडरिक रॉबिन्स यांनी १९४९ मध्ये पोलिओचे विषाणू तंत्रिकेतर ऊतकांच्या संवर्धनात वाढविता येतात, असे दाखविले. या शोधामुळे लशीसाठी विषाणू मोठ्या प्रमाणावर मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याबद्दल तिघांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूंचे प्रकार तीनच आहेत, हे निश्चित करणारे खर्चिक व कंटाळवाणे कामही प्रतिष्ठानाच्याच पैशावर अनेक प्रयोगशाळांत पार पडले. त्यांतील एक प्रयोगशाळा पिट्सबर्ग विद्यापीठातील जोनस सॉल्क (१९१४–९५) यांची होती. फॉर्माल्डिहाइडाने निष्क्रिय केलेल्या विषाणूंची, टोचून द्यावयाची लस त्यांनी तयार केली.

१९५२ साली अमेरिकेत सु. ५८,००० रुग्णांची नोंद झाली व ३,००० हून अधिक मृत्यू पावले. या साथीमुळे लशीची निकड तीव्र झाली. २६ एप्रिल १९५४ रोजी सुरू झालेल्या क्षेत्रचाचणीत सु. १८ लाख शाळकरी मुलांनी भाग घेतला. काहींना लस, काहींना तिच्यासारखेच दिसणारे पण औषधगुण नसलेले द्रावण टोचण्यात आले. उरलेल्यांचे केवळ निरीक्षण करण्यात आले. डॉक्टर, परिचारिका व शिक्षक यांच्या जोडीला दोन लाखांहून अधिक सामान्य नागरिकांनी विनामूल्य काम केले. चाचणीचा खर्च सरकारने नव्हे, तर प्रतिष्ठानाने सोसला. निष्कर्ष काढण्याचे काम मात्र मिशिगन विद्यापीठातील टॉमस फ्रान्सिस (१९००–६९) या स्वतंत्र परीक्षकांकडे सोपविण्यात आले. लस सुरक्षित व परिणामकारक असल्याचे त्यांनी १२ एप्रिल १९५५ रोजी जाहीर केले. निष्कर्ष अनुकूल येईल की नाही हे ठाऊक नसताना ओकॉनर यांनी ९० लाख डॉलरांची लस आगाऊ मागवून ठेवली होती. असे धाडस त्या वेळी सरकारी खात्यास शक्य नव्हते. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेस ते करता आले.

त्याच महिन्यात कटर या कंपनीने तयार केलेल्या लशीच्या काही संचांत जिवंत विषाणू राहून गेल्याचे उघडकीस आले. सु. २०० जणांना पक्षाघात झाला व १० जण मृत्यू पावले. लसीकरण काही काळ थांबवावे लागले आणि उत्पादनावरील शासकीय देखरेख अधिक कडक करण्यात आली. त्यानंतर मात्र रोगाचे प्रमाण झपाट्याने घटले : १९५५ मध्ये अमेरिकेत सु. २९,००० रुग्ण होते, ते १९५७ मध्ये सहा हजारांच्या खाली आले. दरम्यान ॲल्बर्ट सेबिन (१९०६–९३) यांनी क्षीणित जिवंत विषाणूंची मौखिक लस सिद्ध केली. तिच्या संशोधनासही प्रतिष्ठानाचे अनुदान होते. मोठ्या प्रमाणावरील चाचण्या मात्र १९५९ च्या सुमारास सोव्हिएट रशियात झाल्या. ही लस स्वस्त, सुईविना देता येण्याजोगी आणि आतड्यातच प्रतिकारक्षमता निर्माण करणारी असल्याने पुढील जागतिक मोहिमेचे साधन तीच ठरली. १९५८ मध्ये प्रतिष्ठानाने आपले लक्ष जन्मजात व्यंगांकडे वळविले. श्रीमंत देशांतून रोग हटत चालला होता. आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका या खंडांतील बालके मात्र त्यास पूर्ववत बळी पडत होती.

रोटरीचा पुढाकार : पॉल हॅरिस (१८६८–१९४७) यांनी १९०५ मध्ये शिकागो येथे स्थापन केलेली रोटरी ही विविध व्यवसायांतील लोकांची सेवासंघटना असून तिचे सभासद सु. बारा लाख आहेत. १९७८ पर्यंत तिच्या शाखा स्थानिक कामे करीत. साऱ्या संघटनेने मिळून हाती घेतलेले एकही आरोग्यकार्य नव्हते. त्या वर्षी अध्यक्ष झालेले ऑस्ट्रेलियाचे क्लेम रेनूफ (१९२१–२०२०) यांनी आरोग्य, भूक व मानवता या तीन विषयांवरील संयुक्त कार्यक्रम सुरू केला. देवीचा रोग जगातून नाहीसा होत असल्याचे वृत्त वाचून, एखादा रोग आपणही संपवू शकू काय, अशी पृच्छा त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील संसर्गरोगतज्ञ व रोटरीचे सभासद जॉन सेव्हर यांच्याकडे केली. सेव्हर यांनी पोलिओ सुचविला. २९ सप्टेंबर १९७९ रोजी फिलिपीन्समधील मनिलानजीक पहिले थेंब पाजण्यात आले. पाच वर्षांत सु. साठ लाख बालकांना लस देण्याच्या या प्रकल्पास रोटरीने ७,६०,००० डॉलर दिले.

एकाच ठराविक दिवशी सर्व बालकांना मौखिक लस देण्याची पद्धत क्यूबाने १९६२ मध्ये व ब्राझीलने १९८० मध्ये यशस्वी करून दाखविली होती. तिचे महत्त्व ओळखून रोटरीचे मेक्सिकन अध्यक्ष कार्लोस कान्सेको (१९२१–२००९) यांच्या कारकीर्दीत १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ ही योजना जाहीर झाली. नावातील ‘प्लस’ या शब्दाने गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात व क्षय यांवरील लशी अभिप्रेत होत्या. निधीचे उद्दिष्ट १२ कोटी डॉलरांचे होते. १९८८ पर्यंत प्रत्यक्षात २४ कोटी ७० लाख डॉलर जमले, म्हणजे अपेक्षेच्या दुपटीहून अधिक. जमलेल्या पैशाइतकेच महत्त्व या आकड्यातून मिळालेल्या संदेशास आहे. निर्मूलनाची कल्पना खर्चिक व अव्यवहार्य मानणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर, सामान्य व्यापारी व व्यावसायिक तिच्यासाठी पैसा देण्यास तयार आहेत, असा पुरावाच त्यामुळे उभा राहिला.

जागतिक उपक्रम : मे १९८८ मध्ये जिनीव्हा येथे भरलेल्या जागतिक आरोग्य सभेने २००० सालापर्यंत पोलिओ नाहीसा करण्याचा ठराव संमत केला. त्या वेळी १२५ हून अधिक देशांत दरवर्षी सु. साडेतीन लाख बालके या रोगाने पंगू होत असत. जागतिक आरोग्य संघटना, रोटरी, अमेरिकेची रोगनियंत्रण केंद्रे व संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी (युनिसेफ) हे जागतिक पोलिओ निर्मूलन उपक्रमाचे चार मूळ भागीदार होत. बिल व मेलिंडा गेट्स प्रतिष्ठान व लसपुरवठ्यासाठी काम करणारी गावी ही संस्था पुढे त्यांस मिळाली. आंतरशासकीय कार्यात एखाद्या खाजगी सेवासंघटनेस समान भागीदाराचे स्थान मिळण्याचे हे विरळा उदाहरण होय.

अमेरिका खंडातील अखेरचा रुग्ण १९९१ मध्ये पेरू देशात आढळला आणि १९९४ मध्ये तो खंड पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. त्यानंतर पश्चिम पॅसिफिक (२०००), यूरोप (२००२), आग्नेय आशिया (२०१४) व आफ्रिका (२०२०) हे जागतिक आरोग्य संघटनेचे विभाग मूळ विषाणूपासून मुक्त झाल्याचे प्रमाणित करण्यात आले. प्रकार २ चा मूळ विषाणू १९९९ नंतर आढळला नाही. त्याची अखेरची नोंद उत्तर प्रदेशातील अलीगढची होय. त्याचे निर्मूलन २०१५ मध्ये व प्रकार ३ चे २०१९ मध्ये प्रमाणित झाले.

निधीची उभारणी व विनियोग : रोटरीचा निधी मुख्यतः सभासदांच्या वार्षिक देणग्यांतून व शाखांनी योजिलेल्या कार्यक्रमांतून येतो. दौडी, सायकलफेऱ्या, भोजने, विक्री व नाट्यप्रयोग असे अनेक मार्ग त्यासाठी वापरले जातात. लस घेतलेल्या बालकाच्या करंगळीवर जांभळ्या शाईची खूण करतात. तिचे प्रतीक करून दात्यांनीही आपली करंगळी रंगवून घेण्याची प्रथा काही देशांत पडली. गेट्स प्रतिष्ठानाने २००७ मध्ये १० कोटी डॉलर व २००९ मध्ये आणखी २५ कोटी ५० लाख डॉलर दिले. त्याच्या बदल्यात रोटरीने स्वतः २० कोटी डॉलर जमविण्याचे मान्य केले. हे उद्दिष्ट जानेवारी २०१२ मध्ये, ठरलेल्या मुदतीपूर्वीच, पूर्ण झाले. २०१३ पासून रोटरीच्या प्रत्येक डॉलरमागे दोन डॉलर देण्याचा करार या प्रतिष्ठानाने केला. २०१७ मध्ये रोटरीची वार्षिक मर्यादा पाच कोटी डॉलर ठरविण्यात आली. रोटरीचे एकूण योगदान दोन अब्ज डॉलरांच्या पलीकडे गेले आहे.

पैसा लसखरेदी, शीतसाखळी, लसटोचकांचे मानधन, प्रचार आणि सर्वेक्षण यांवर खर्च होतो. दात्यांच्या नजरेस सहसा न पडणारा, पण सर्वांत मोलाचा खर्च सर्वेक्षणाचा होय. पंधरा वर्षांखालील कोणाचेही हात किंवा पाय अचानक लुळे पडल्यास त्याच्या शौचाचे दोन नमुने चोवीस तासांहून अधिक अंतराने घेऊन, बर्फात ठेवून, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत धाडावे लागतात. ही जाळी विणलेली नसेल, तर ‘रुग्ण नाही’ या विधानास काहीच अर्थ उरत नाही. रोटरीच्या सभासदांनी आपापल्या देशांतील कायदेमंडळांकडे केलेली रदबदली हाही स्वयंसेवी कार्याचाच भाग असून, सरकारांकडून आलेला निधी सभासदांच्या देणग्यांच्या अनेक पट आहे.

भारतातील कार्य : भारतात नियमित लसीकरणामुळे रोग घटला, तरी १९९० नंतरच्या दशकात जगातील रुग्णांचा मोठा भाग भारतातच होता. दिल्लीत २ ऑक्टोबर १९९४ रोजी झालेल्या यशस्वी प्रयोगानंतर ९ डिसेंबर १९९५ व २० जानेवारी १९९६ रोजी देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम राबविण्यात आली. प्रारंभी तीन वर्षांखालील व नंतर पाच वर्षांखालील बालकांना थेंब पाजण्यात येऊ लागले. एका राष्ट्रीय फेरीत सु. २३ लाख कार्यकर्ते सु. १७ कोटी बालकांपर्यंत पोहोचत. यासाठी लागणाऱ्या पैशाचा बहुतांश भार भारत सरकारने उचलला. रोटरीच्या शाखांनी फलक, टोप्या, शिबिरस्थळे, वाहने व स्वयंसेवक पुरविले आणि स्थानिक प्रतिष्ठितांना मोहिमेत ओढले.

महाराष्ट्राचा या कार्यातील सहभाग मुख्यतः प्रयोगशाळा व लसनिर्मिती यांच्याद्वारा झाला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९४९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या पोलिओ संशोधन विभागाचे पुढे आंत्रविषाणू संशोधन केंद्रात रूपांतर झाले. विषाणूंची जनुकीय ओळख पटवून तो कोठून आला, हे ठरविणाऱ्या जागतिक दर्जाच्या मोजक्या प्रयोगशाळांत त्याची गणना होते. मुंबईच्या हाफकिन महामंडळाने मौखिक लशीचा मोठा पुरवठा केला; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये नेदर्लंड्समधील बिल्टहोव्हन येथील निष्क्रिय लस बनविणारी संस्था ताब्यात घेतली. रेल्वेस्थानके, वीटभट्ट्या, बांधकामे, उसाची शेते अशा स्थलांतरितांच्या वस्त्यांवर थेंब पाजणारी पथके पाठविणे, हा भारतीय मोहिमेचा एक महत्त्वाचा विशेष होता.

उत्तर प्रदेश व बिहार येथे काम सर्वांत अवघड ठरले. दाट वस्ती, उघडी गटारे व बालकांतील अतिसार यांमुळे तेथे लशीचा प्रत्येक डोस कमी परिणामकारक ठरे; काही बालकांना दहापेक्षा अधिक डोस देऊनही पक्षाघात झाल्याची उदाहरणे आढळली. २००२ साली देशात सु. १,६०० रुग्ण होते. लशीने वंध्यत्व येते, अशी अफवा काही मुस्लिम वस्त्यांत पसरली होती. तिच्या निवारणार्थ रोटरीने उलेमांची समिती स्थापन केली. घरोघरी जाणाऱ्या स्थानिक स्त्री-कार्यकर्त्या व धर्मगुरूंचे आवाहन यांचा हळूहळू परिणाम झाला. येथे पैशापेक्षा विश्वासाची उणीव अधिक होती व ती भरून काढण्यास ओळखीच्या माणसांचीच गरज होती. २००९ मध्ये रुग्णांची संख्या ७४१ होती. प्रकार १ व ३ यांवरील द्विसंयुजी लस जानेवारी २०१० मध्ये उपयोगात आली. त्या वर्षी ४२ रुग्ण आढळले. अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात नोंदला गेला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

मतभेद : या निधिसंकलनावर दोन्ही कालखंडांत आक्षेप घेण्यात आले. अमेरिकेत हृदयरोग, कर्करोग व क्षय यांनी पोलिओहून कितीतरी अधिक लोक दगावत असताना, कुबड्या घेतलेल्या मुलांची चित्रे दाखवून व भय वाढवून एकाच रोगासाठी पैसा ओढून घेतला जातो, अशी टीका झाली. हाच प्रश्न पुढे गरीब देशांच्या संदर्भात अधिक गंभीरपणे विचारला गेला. गोवर व अतिसार यांनी बालके मरत असता, परदेशी दात्यांच्या आग्रहाखातर पुनःपुन्हा पोलिओच्याच फेऱ्या घेणे योग्य काय? देवी निर्मूलनाचे प्रमुख डी. ए. हेंडरसन (१९२८–२०१६) यांनी पोलिओ निर्मूलनाच्या शक्यतेविषयी दीर्घकाळ शंका व्यक्त केली. त्यांच्यानंतर देवी निर्मूलनाची धुरा वाहणारे जपानचे इसाओ आरिता यांनी २००६ मध्ये निर्मूलनाऐवजी परिणामकारक नियंत्रणाचे धोरण स्वीकारावे, असे सुचविले. वेल्लोरचे विषाणुवैज्ञानिक टी. जेकब जॉन यांनी मौखिक लशीमुळेच क्वचित होणाऱ्या पक्षाघाताकडे लक्ष वेधून निष्क्रिय लशीचा पुरस्कार केला.

शेवटचा मुद्दा कालांतराने खरा ठरला. लसीकरण अपुरे असलेल्या वस्तीत मौखिक लशीतील क्षीणित विषाणू एका बालकाकडून दुसऱ्याकडे जात असता बदलतो व पुन्हा पक्षाघात घडवू शकतो. या कारणास्तव एप्रिल २०१६ मध्ये जगभर मौखिक लशीतून प्रकार २ वगळण्यात आला आणि नियमित लसीकरणात निष्क्रिय लशीची भर घालण्यात आली. तथापि लसजन्य प्रकार २ च्या साथी थांबल्या नाहीत. आफ्रिकेतील अनेक देशांत त्यांनी मूळ विषाणूपेक्षा अधिक बालकांना पंगू केले. त्यावर उपाय म्हणून जनुकीय दृष्ट्या अधिक स्थिर अशी नवी मौखिक लस २०२१ पासून वापरात आणली गेली. निर्मूलनाच्या समर्थकांचे म्हणणे असे, की नियंत्रणाचा खर्च कधीच संपत नाही, आणि मोहीम शिथिल होताच रोग परत येतो. २००३ मध्ये नायजेरियातील कानो राज्यात लसीकरण थांबविण्यात आले, तेव्हा विषाणू तेथून सु. वीस देशांत पसरला. हे त्यांच्या म्हणण्यास पुष्टी देणारे उदाहरण होय.

सद्यःस्थिती व मूल्यमापन : मूळ विषाणूचा अखंड प्रसार आता पाकिस्तान व अफगाणिस्तान या दोनच देशांत उरला आहे. २०११ मध्ये अबोटाबाद येथे ओसामा बिन लादेनचा शोध घेण्यासाठी काविळीवरील लसीकरणाचा बनाव करण्यात आल्याचे उघडकीस आल्यानंतर पाकिस्तानात लसपथकांविषयी संशय बळावला. २०१२ पासून तेथे अनेक लसटोचक व त्यांचे संरक्षक यांच्या हत्या झाल्या. त्यांत अल्प मानधनावर काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे. मूळ विषाणूचे जगातील रुग्ण २०२१ मध्ये अवघे ६ होते; २०२३ मध्ये ते १२ झाले व २०२४ मध्ये ९९ पर्यंत वाढले. युद्धग्रस्त गाझा पट्टीत २०२४ मध्ये, पंचवीस वर्षांनंतर प्रथमच, एका दहा महिन्यांच्या बालकास लसजन्य विषाणूने पक्षाघात झाला. निर्मूलनासाठी प्रथम २००० साल ठरविण्यात आले होते; रोटरीने आपल्या शताब्दीचे २००५ हे वर्ष डोळ्यांपुढे ठेवले होते. या मुदती व त्यांनंतरच्याही अनेक मुदती टळल्या आहेत.

असे असूनही, १९८८ शी तुलना करता मूळ विषाणूमुळे होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण शेकडा ९९ हून अधिक घटले आहे. प्रयोगशाळा, शीतसाखळी व सर्वेक्षणाची जी यंत्रणा पोलिओसाठी उभारली गेली, ती गोवर व इतर साथींसाठीही उपयोगी पडली. स्वयंसेवी निधीचे बळ व त्याची मर्यादा या इतिहासातून एकत्रच दिसतात. सरकारे ज्याची जोखीम घेत नाहीत, अशा कार्यास तो आरंभ करून देऊ शकतो, आणि सत्तांतरे होत राहिली तरी पिढ्यान्‌पिढ्या त्याचा पाठपुरावा करू शकतो. परंतु थेंब पाजण्यासाठी दार उघडणाऱ्या मातेचा विश्वास, ती जेथे राहते तेथील शांतता व स्वच्छ पाणी या गोष्टी वर्गणीने विकत घेता येत नाहीत. दात्यांनी १९८५ मध्ये दिलेले वचन अखेरच्या बालकापर्यंत पाळले जाणे, हे आता त्यांच्या औदार्याइतकेच या गोष्टींवर अवलंबून आहे.